ओफ्रेंदावर आजोबांचा फोटो ठेवायचा का?

प्रश्न : आम्ही सॅन होजेला राहतो. मुलगा पाच वर्षांचा आहे. ऑगस्टपासून तो इथल्या सरकारी शाळेच्या स्पॅनिश-इंग्रजी किंडरगार्टनमध्ये जातो. वर्गात नव्वद टक्के वेळ स्पॅनिशच चालतं. आम्हा दोघांनाही स्पॅनिशचा गंध नाही, त्यामुळे गृहपाठ कसा घ्यायचा तेही कळत नाही. घरी आम्ही मराठी बोलतो, पण आता तो पाणी मागताना ‘आई, मला आग्वा दे’ म्हणतो आणि रंग, आकडे सगळं स्पॅनिशमध्येच सांगतो. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्या म्हणतात, ‘पोराला धड एक भाषा येणार नाही.’ त्यात शाळेतून चिठ्ठी आली आहे. ‘दिया दे लोस मुएर्तोस’ या मेक्सिकोतल्या मृतांच्या सणासाठी वर्गात ओफ्रेंदा म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीचं टेबल मांडणार आहेत, घरातल्या दिवंगत माणसाचा फोटो पाठवा, असं त्यात लिहिलंय. माझे सासरे गेल्या फेब्रुवारीत गेले. मुलाला आजोबांचाच फोटो न्यायचा आहे. सासूबाई म्हणतात, कवट्यांच्या शेजारी ह्यांचा फोटो नको. नवरा म्हणतो, त्यात काय एवढं. शिवाय बाईंनी मला दिवाळीसाठी वर्गात येऊन पंधरा मिनिटं काहीतरी करायला सांगितलंय. मला वाटतं, मुलाला सरळ इंग्रजी वर्गात घालावं म्हणजे हे सगळे प्रश्नच मिटतील. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : वर्ग बदलू नका. कारण पुढे लिहिते, पण आधी फोटोचं बघू, कारण त्याला तारीख आहे.

सासूबाईंना ‘त्यात काय एवढं’ असं कुणी म्हणू नये, मुलाने तर नाहीच. त्यांचा नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही. त्या परक्या देशात, परक्या घड्याळावर दिवस काढताहेत, आणि शाळेतून आलेल्या कागदावर साखरेच्या कवट्यांचं चित्र आहे. कवटी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर स्मशान येतं, मांत्रिक येतो. त्यातून हा दिवस हॅलोविनला लागून येतो आणि ऑक्टोबरभर शेजारच्या अंगणांत प्लास्टिकचे सांगाडे टांगलेले असतात. त्यांनी दोन्हींची सांगड घातली तर नवल नाही.

त्यांना आधी एवढं सांगा की हे हॅलोविन नव्हे. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी भेटायला येतात अशी श्रद्धा आहे. पहिला दिवस साधारणपणे गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. त्यांच्यासाठी घरात टेबल मांडतात, त्यावर कापड, फोटो, मेणबत्त्या, मीठ आणि लांबून आलेल्याला तहान लागली असेल म्हणून पेलाभर पाणी. वरून कातरकाम केलेल्या रंगीत कागदांच्या पताका लावतात, त्यांना पापेल पिकादो म्हणतात. शेजारी पान दे मुएर्तो नावाचा गोडसर पाव आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं, मग ती बिअरची बाटली असली तरी चालते. ही सगळी मांडणी म्हणजे ओफ्रेंदा. साखरेच्या कवटीवर नाव घालतात आणि ती जिवंत मुलांनाही खाऊ म्हणून देतात. मरणाची थोडी थट्टा करायची तिथली जुनी रीत आहे. त्यात स्थानिक लोकांच्या जुन्या चालीही आहेत आणि स्पॅनिश कॅथलिक सणही मिसळलेले आहेत. २००८ साली हा सण युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला.

आणि झेंडू. ओफ्रेंदावर झेंडूच झेंडू असतो, त्याच्या पाकळ्यांची वाट दारापासून टेबलापर्यंत घालतात, वासावर माणूस घर शोधत येतो म्हणून. तिकडे त्याला सेम्पासुचिल म्हणतात. आपण दसऱ्याला दाराला लावतो ते हे फूल मुळात मेक्सिकोचं. समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं आणि इतकं आपलं झालं की तोरण त्याच्याशिवाय सुचत नाही. सासूबाईंना हे आवडेल असा माझा अंदाज आहे. निदान त्या टेबलावरची एक गोष्ट तरी ओळखीची निघेल.

आता त्यांची खरी शंका. हे श्राद्ध आहे का? नाही. पिंड नाही, तर्पण नाही, मंत्र नाही, कुणी करायचं आणि कुणी नाही याचे नियम नाहीत. सर्वपित्रीला आपण गेलेल्यांच्या आवडीचं करून वाढतो त्याच्याशी भाव जुळतो, पण विधी म्हणून एकाचा दुसऱ्यावर काही परिणाम होत नाही. त्यांचं वर्षश्राद्ध जसं व्हायचं तसंच होईल. सरकारी शाळेत तर पूजा होऊच शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच सांगितलं आहे की शाळेने बायबलवाचन घेणं घटनेत बसत नाही, मात्र धर्मांविषयी अभ्यास म्हणून शिकवायला हरकत नाही. वर्गातल्या टेबलावरच्या मेणबत्त्याही बहुधा बॅटरीच्या असतील.

एवढं सांगूनही त्या नको म्हणाल्या तर फोटो पाठवू नका. इथे मी ठाम आहे. शाळेचा एक उपक्रम आणि पाहुण्या आलेल्या विधवा बाईचं मन, यात मला फारसा विचार करावा लागत नाही. वर्गाच्या बाईंना दोन ओळी लिहा की घरात दुःख ताजं आहे, मुलगा पणजोबांचा फोटो आणेल किंवा आजोबांचं स्वतः काढलेलं चित्र आणेल. अनेक वर्गांत मुलं मेलेल्या कुत्र्याचा नाहीतर मांजराचाही फोटो आणतात, त्याचं कुणाला वावगं वाटत नाही. पण तुमच्या मुलाला ‘आजीला आवडत नाही म्हणून’ असं सांगू नका. नाही तर पुढे कैक वर्षं आजीच्या माथी ते बसेल. ‘आपण चित्र काढू या’ एवढंच म्हणा.

त्या हो म्हणाल्या तर मूळ फोटो देऊ नका, प्रत काढून द्या आणि मागे नाव लिहा. किंडरगार्टनमधून वस्तू गोंद लागून परत येतात. आणि एक काम सासूबाईंकडे सोपवा. आजोबांना काय आवडायचं, ते लहानपणी कसे होते, कशावर चिडायचे, हे त्यांनी नातवाला सांगायचं. मराठीत, रोज थोडं, फोटो जायच्या आधी. वर्गात बाई मुलाला विचारणारच आहेत की हे कोण आणि यांना काय आवडायचं. तेव्हा तो ‘एस मी आबुएलो, ले गुस्ताबा एल काफे’ असं काहीतरी म्हणेल, ‘हे माझे आजोबा, त्यांना कॉफी आवडायची.’ कॉफीच्या जागी जे असेल ते घाला. हे वाक्य स्पॅनिशमधलं असलं तरी त्यातला माल आजीकडून आलेला असेल. शाळेच्या या सणांमागचा शिकवण्याचा भाग नेमका हाच असतो. बाहेरून ती सजावट दिसते, पण पाच वर्षांच्या मुलाला घरच्या माणसाबद्दल उभं राहून दोन वाक्यं बोलायला लावणं हा भाषेचा धडा आहे.

त्या ‘ले गुस्ताबा’वरून आठवलं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना स्पॅनिशमधली ही रचना उलटी वाटते, कारण इंग्रजीत आवडण्याचा कर्ता ‘मी’ असतो. तुमच्या मुलाला काहीच उलटं वाटणार नाही. ‘मे गुस्ता एल मांगो’ आणि ‘मला आंबा आवडतो’, साचा तोच. वस्तूंना लिंग असतं आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं हेही त्याला नवं नाही, आपल्याकडे तर तीन लिंगं आहेत. मोठ्यांशी वेगळ्या सर्वनामाने बोलायचं हेही त्याला घरातूनच ठाऊक आहे. स्पॅनिशमधले त, द, प हे आपल्या त, द, प यांच्या अगदी जवळचे; त-द जीभ दातांना लागणारे, आणि त-प हवेचा फुत्कार नसलेले. इंग्रजीभाषक मुलांना त्यासाठी कष्ट पडतात. तेव्हा ‘घरी मराठी असल्यामुळे त्याला स्पॅनिश जड जाईल’ ही भीती असेल तर ती सोडा.

‘आग्वा’चं आता. पाच वर्षांचं मूल हाताशी येईल तो शब्द उचलतं. दिवसाचे सहा तास ज्या भाषेत डबा, पाणी, रांग, शू चालते, त्या भाषेतले हे शब्द घरी येणारच. यात गोंधळ नाही. खात्री करायची असेल तर तो फोनवर पुण्यातल्या की साताऱ्यातल्या मावशीशी बोलताना ‘आग्वा’ म्हणतो का बघा. बहुतेक मुलं समोरचं माणूस बघून भाषा बदलतात. तुमच्याशी बोलताना मिसळतो, कारण तुम्हाला समजतं हे त्याने हेरलंय. त्यावर ‘मराठीत सांग’ म्हणून अडवू नका, पाण्यासाठी परीक्षा घेऊ नका. ‘पाणी हवंय? हे घे पाणी, गार आहे हं’ असं म्हणून पेला द्या. त्याला शब्द दोनदा ऐकू आला, काम झालं.

खरं सांगू का, तुमच्या घरातल्या मराठीला धोका स्पॅनिशचा नाहीच, इंग्रजीचा आहे. स्पॅनिश शाळेत आहे, तिची वेळ ठरलेली आहे. इंग्रजी टीव्हीत आहे, बागेत आहे, वाढदिवसांत आहे, आणि नवरा-बायको ऑफिसबद्दल बोलायला लागले की तुमच्या जेवणाच्या टेबलावरही आहे. इंग्रजी वर्गात घातलंत तर मराठीला जागा मिळेल असं तुम्हाला वाटतंय. मी पाहिलेल्या घरांत उलट झालं. शाळा इंग्रजी झाली की दुसरी-तिसरीपर्यंत मुलं मराठी प्रश्नाला इंग्रजी उत्तर द्यायला लागतात. या वर्गात निदान एक गोष्ट त्याला रोज दिसते. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत गाणं, गणित, भांडण, सगळं होऊ शकतं आणि मोठी माणसं ते महत्त्वाचं मानतात.

हे वर्ग आकाशातून पडलेले नाहीत. क्यूबातून आलेल्या कुटुंबांमुळे मायामीतल्या कोरल वे या सरकारी शाळेत १९६३ साली दोन्ही भाषांत शिकवणं सुरू झालं. कॅलिफोर्नियात मात्र १९९८ साली मतदारांनी ‘प्रपोझिशन २२७’ हा प्रस्ताव मंजूर करून द्वैभाषिक वर्गांना जवळजवळ कुलूपच लावलं होतं, पालकांनी खास परवानगी मागितली तरच ते चालायचे. ते कुलूप निघालं २०१६ सालच्या ‘प्रपोझिशन ५८’ने. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या स्पॅनिशभाषक मुलांच्या आईबापांपैकी काहीजण त्या मधल्या काळात याच राज्यात शिकले असतील. त्यांच्यासाठी हा वर्ग म्हणजे जास्तीची एक भाषा नव्हे. घरची भाषा शाळेत चालते, हीच त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

नव्वद-दहाचं गणितही समजून घ्या. किंडरगार्टनमध्ये नव्वद टक्के स्पॅनिश, मग दर वर्षी इंग्रजीचा वाटा थोडा थोडा वाढत चौथी-पाचवीपर्यंत निम्मंनिम्मं होतं. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत इंग्रजी वाचनात तो शेजारच्या मुलापेक्षा मागे दिसेल. दिसायलाच हवा, कारण त्याला ते अजून शिकवलेलंच नसेल. १९६५ साली कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावी इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून मुलांचं किंडरगार्टन पूर्ण फ्रेंचमध्ये सुरू करवलं. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. इंग्रजी वाचन-लेखनात मुलं सुरुवातीला मागे होती, इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर ती बरोबरीला आली, आणि फ्रेंच वर कमावलं. मधे सोडून देणाऱ्याला मात्र फक्त मागे पडण्याचा भाग अनुभवायला मिळतो. म्हणून तीन महिन्यांत निर्णय घेऊ नका. आणखी एक व्यवहाराची बाब आहे. पहिलीनंतर अशा वर्गात स्पॅनिश न येणाऱ्या मुलाला सहसा घेत नाहीत, म्हणजे आता काढलंत तर पुढे परत घालणं कठीण.

काळजी कधी करायची तेही सांगते. मराठीतही त्याला दोन पायऱ्यांची सूचना कळत नसेल, ‘बूट काढ आणि डबा ओट्यावर ठेव’ यातलं एकच होत असेल, किंवा त्याचं बोलणं घराबाहेरच्या मराठी माणसाला समजत नसेल, तर शाळेला तपासणी मागा. तो तुमचा हक्क आहे. त्या तपासणीत तिन्ही भाषांचा विचार व्हायला हवा. कुणी ‘घरची भाषा बंद करा’ असा सल्ला दिला तर ऐकू नका. दोन-तीन भाषांमुळे वाचादोष होत नाही, आणि घरची भाषा काढून तो बराही होत नाही.

गृहपाठाचं ओझं तुम्ही उगाच घेतलंय. आता तो मा-मे-मी-मो-मू वाचत असेल. स्पॅनिश वाचन असंच अक्षरगटांनी शिकवतात, पाच स्वर आणि प्रत्येकाचा जवळजवळ एकच उच्चार. बाराखडी घोकलेल्या आईला हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. ‘एच’ मुका, ‘जे’ घशातल्या ह-ख सारखा, दोन ‘एल’ बहुतेक ठिकाणी य, ‘एन’वर नागमोडी रेघ असली की न्य. एवढं माहीत असलं की तो चुकला हे तुम्हाला कळेल. पण सुधारत बसू नका. त्याला वाचू द्या आणि पुस्तक मिटल्यावर मराठीत विचारा, गोष्टीत काय झालं? मग ससा कुठे गेला? गोष्ट समजणं, क्रमाने सांगणं, पुढे काय होईल याचा अंदाज करणं ही कसबं एका भाषेत आली की दुसरीत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाहीत. बाई वर्गात इंग्रजी येत असूनही येत नसल्यासारखं दाखवतात, हातवारे करतात, चित्रं काढतात. घरी तुम्हीही तसंच, फक्त मराठीच येत असल्यासारखं वागा.

राहिली दिवाळी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझ्या मनात लगेच आलं की पहिलं वर्ष आहे. सासूबाईंच्या मते यंदा घरात सण असेल का? अनेक घरांत वर्ष होईपर्यंत फराळ करत नाहीत, आकाशकंदील लावत नाहीत. फोटोबद्दल त्यांना विचारताना हेही विचारा. नसेल तर बाईंना कळवा की यंदा दिवाळी नाही, आम्ही मार्च-एप्रिलात गुढीपाडव्याला येतो. तोवर वर्ष झालेलं असेल. ज्या बाई वर्गात ओफ्रेंदा मांडताहेत त्यांना शोकाचं वर्ष समजावून सांगावं लागणार नाही.

त्यांची हरकत नसेल तर मात्र स्लाइड्स घेऊन जाऊ नका. रामाची अयोध्या, लक्ष्मी, पाच दिवसांची नावं, वर हिंदी गाण्यावर नाच, या वाटेने फार आया जातात आणि तिसऱ्या मिनिटाला मुलं बुटांच्या वेलक्रोशी खेळायला लागतात. मिठाईचा डबाही नको, सुक्यामेव्याच्या अ‍ॅलर्जीमुळे तो बहुधा दारातच अडेल. या वयाला हातांना काम हवं. माझं मत किल्ल्याला. दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात ही गोष्ट भारतातही आपल्यापुरतीच, आणि तो मुलांचाच असतो, मोठ्यांनी लुडबुड करायची नसते. वर्गातली वाळूची पेटी मागून घ्या, थोडी ओली करा, बुरूज, दार, तळं, चढायची वाट. मावळे ठेवू नका, बंदूक-तलवार धरलेलं खेळणं पाहून अमेरिकन शाळा फार हवालदिल होतात, त्याऐवजी गाई-बकऱ्या ठेवा. वाळू नको म्हणाल्या तर कागदाचा कंदील करा. कातरकाम पापेल पिकादोमुळे मुलांच्या हातात बसलेलंच असेल.

बोलायचं मराठीत. बाईंना आदल्या दिवशी किल्ला, दार, पाणी, डोंगर, वाट असे पाच शब्द द्या, त्या तेच स्पॅनिशमध्ये म्हणतील, आणि मधे तुमचा मुलगा दुभाष्या. इंग्रजीची गरजच नाही. ‘भारतातली दिवाळी’ असंही म्हणू नका, ‘आमच्या घरची दिवाळी’ म्हणा. जसे त्या वर्गातले सगळे स्पॅनिशभाषक मेक्सिकोचे नसतील तसंच. ग्वातेमाला, एल साल्वादोरची मुलं असतील, त्यांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबर, मेक्सिकोचा १६. मे महिन्यात ‘सिंको दे मायो’ला कुणा आईला ‘तुमच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा’ देऊ नका. तो १८६२ सालच्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस आहे, फ्रेंच सैन्याला हरवलं त्याचा, आणि मेक्सिकोपेक्षा अमेरिकेतच त्याचा गाजावाजा जास्त. डिसेंबरात पोसादास (नाताळाआधीच्या मिरवणुका) आणि पिन्याता (काठीने फोडायचं खाऊ भरलेलं भांडं), ६ जानेवारीला तीन राजांचा दिवस आणि गोल पाव, ३० एप्रिलला बालदिन, अशा चिठ्ठ्या येत राहतील. प्रत्येकीला जायलाच हवं असं नाही. त्यापेक्षा वर्गातल्या एखाद्या स्पॅनिशभाषक मित्राला शनिवारी घरी खेळायला बोलवा, त्याने जास्त फरक पडेल.

बहुतेक शाळांत शरद ऋतूत पालकांना एकेकटं भेटायला बोलावतात. तिथे ‘त्याच्या इंग्रजीचं काय’ हा प्रश्न या वर्षी विचारू नका. विचारा की सूचना नुसत्या स्पॅनिशमध्ये दिल्या तर तो दुसऱ्या मुलांकडे न बघता करतो का, मधल्या सुट्टीत कुणाशी आणि कोणत्या भाषेत खेळतो, आणि पूर्ण वाक्य कधी बोलला. पहिले काही महिने तो गप्प असेल, नुसता ऐकत असेल, तर तेही ठीक आहे. बाईंना सांगा की घरी आम्ही मराठीच बोलणार आहोत. त्यांना बरं वाटेल.